धुऱ्यावर उघडेल असं बाजारभावाचं पान कसं बनवायचं

शेतकरी उत्पादक कंपनीची किंवा कृषी सेवा केंद्राची वेबसाइट करायची ठरली की पहिली चर्चा लोगो आणि रंगांची होते. ती नंतर करा. आधी पानाचं वजन, म्हणजे ते उघडताना फोनवर किती डेटा उतरतो, ते ठरवा: पहिल्यांदा उघडताना सगळं मिळून 100 केबी, त्यानंतर दर वेळी 15 केबीच्या आत. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढे कोणी सरकत्या फोटोंची पट्टी मागितली, तर त्याच आकड्यात बसवून दाखवायला सांगा.

हलकं पान वीजही वाचवतं, कारण सर्व्हर (वेबसाइट जिथे ठेवलेली असते तो संगणक) आणि टॉवर विजेवर चालतात. ती वीज कशातून येते हे चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या बघत वाढलेल्यांना सांगायला नको. पण मोठी बचत फोनमध्ये आहे. स्मार्टफोनमुळे आयुष्यभरात जेवढा कार्बन हवेत जातो, त्यातला बहुतांश तो कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतच गेलेला असतो. त्यामुळे 2 जीबी रॅमचा जुना फोन आणखी दोन वर्षं चालणं सगळ्यात फायद्याचं. जड पानांनी तो अडकायला लागला की ‘मोबाइल गेला, नवा घ्या’ सुरू होतं.

माणूस पान कशासाठी उघडतो? आज हिंगणघाटला कापूस काय भावानं गेला, एवढ्यासाठी. बाजार समितीच्या तक्त्यात शेतमाल, जात-प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर असे सात रकाने असतात. ते जसेच्या तसे छोट्या पडद्यावर टाकले तर आडवं सरकवत बसावं लागतं, आणि सर्वसाधारण दर नेमका शेवटच्या रकान्यात. त्यापेक्षा कापूस, तूर, सोयाबीन यांचा एकेक ठोकळा करा. वर सर्वसाधारण दर ठळक, खाली कमी-जास्त आणि आवक बारीक अक्षरात. ‘क्विंटल’ एकदाच लिहिलं तरी पुरतं.

हा भाव थेट एचटीएमएलमध्ये (पानाच्या मूळ फाइलमध्ये) मजकूर म्हणून हवा. पान आधी रिकामं येतं आणि मग जावास्क्रिप्ट (पानासोबत फोनवर चालणारा प्रोग्राम) भाव आणायला जाते, अशी रचना टाळा. कनेक्शन जुळल्यावर सर्व्हर पहिल्या हप्त्यात साधारण 14 केबी पाठवतो आणि पुढचं पाठवायला फोनच्या पोचपावतीची वाट बघतो. भाव त्या पहिल्या 14 केबीत बसला तर रेंजची एक काडी असली तरी लवकर दिसतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइट घेतं, पण सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली ही मजकूर दाबून छोटा करायची सोय चालू केली की मराठी मजकूर चांगला आवळला जातो. भावाचं रंगीत पोस्टर करून तो जेपीजी पानावर चिकटवणं मात्र सगळ्यात वाईट. तेच पाच आकडे शेकडो केबी होतात, कॉपी करता येत नाहीत आणि दृष्टिहीन माणसाचा फोन ते वाचूनही दाखवू शकत नाही.

फाँट विकत घेऊ नका, उतरवूही नका. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी असतेच, तीच वापरा. वेगळा देवनागरी फाँट जोडला तर एका जाडीमागे सहज शंभर केबी जातात, म्हणजे बजेट तिथेच संपलं. कंपनीच्या नावापुरता हवाच असेल तर फक्त लागणारी अक्षरं कापून छोटी फाइल करा. कापताना ‘ळ’, ‘ॲ’, ‘ऱ’, रुपयाचं चिन्ह आणि जोडाक्षरांचे नियम ठेवले आहेत ना, ते बघा. नियम गळले तर ‘पऱ्हाटी’ तुटकी दिसते. पानाची भाषा मराठी (एम-आर) म्हणून नोंदवा. फाँटात सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. अक्षर 18 पिक्सेल, ओळींची उंची 1.6. त्याखाली गेलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात.

आता फोटो, खरं वजन इथेच असतं. गुलाबी बोंडअळीचा 12 मेगापिक्सेल फोटो 4000 बाय 3000 चा असतो आणि 3-4 एमबी भरतो. आधी कापा: बोंड आणि अळी ठेवा, मागची ढेकळं, काडीकचरा, पानांची जाळी काढून टाका. हे दिसायला चांगलं म्हणून नव्हे. बारीक खडबडीत पोत दाबला जात नाही, काळ्या मातीचा प्रत्येक कण केबी खातो. फोटो काढतानाच बोंडामागे हात किंवा साधा कागद धरला तर आणखी सोपं. मग रुंदी 720 पिक्सेल, वेबपी फॉरमॅट, क्वालिटी 60. साधारण 30 ते 60 केबीत काम होतं. अळीच्या अंगावरची गुलाबी छटा फिकी पडली तर 70 करा, कारण ओळख त्या रंगावरच आहे. फोटोतली लपलेली माहितीही काढा, तिच्यात वावराचं जीपीएस ठिकाण असू शकतं. पण आधी फोटो सरळ फिरवून घ्या. फोटो कुठल्या बाजूला वळवायचा ही नोंदही त्या माहितीतच असते, ती गेली की फोटो आडवा पडतो. एचटीएमएलमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो उतरताच मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

फवारणीचा सल्ला व्हिडिओऐवजी आवाजात द्या. ओपस फॉरमॅटमध्ये 16 केबीपीएसनं मिनिटभर बोलणं 120 केबीत मावतं, साधा 480पी व्हिडिओ तेवढ्या वेळात काही एमबी घेतो. दोन्हींवर आकार लिहा आणि आपोआप सुरू होऊ देऊ नका. गुगल मॅपची चौकट नको, पत्त्याची ओळ आणि लिंक पुरे. चॅटचा फुगा आणि पाळत ठेवणारे कोड तर काढाच.

लिलावाचा भाव दिवसातून एक-दोनदा बदलतो, तरी काही पानं दर दहा सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहतात. प्रत्येक विचारणीनंतर फोनचा रेडिओ काही सेकंद जागाच राहतो, आणि रेंज कमी असेल तर जास्त जोर लावतो. बॅटरी तिथे जाते. ‘ताजा भाव बघा’ हे एक बटण ठेवा.

फोटो आणि सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणारी फाइल) फोनमध्ये वर्षभर साठवू द्या, म्हणजे ते दर वेळी उतरत नाहीत. बदल केला की फाइलचं नाव बदला. भावाच्या पानाला मात्र अर्धा तासच. ही चूक फार होते: घाईत सगळ्यालाच वर्षाची मुदत लागते आणि माणूस जुना भाव बघून गाडी भरतो. म्हणून प्रत्येक भावाशेजारी तारीख आणि वेळ हवीच.

काळी पार्श्वभूमी ओलेड पडद्यावर वीज वाचवते, स्वस्त फोनच्या एलसीडीवर जवळपास नाही. शिवाय उन्हात ती वाचता येत नाही, त्यामुळे पांढऱ्यावर काळंच ठेवा.

तपासणी ऑफिसच्या वायफायवर करू नका. आधी क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये कॅश (आधी साठवलेल्या फाइली) बंद करून एकूण केबी बघा. मग गावातला सगळ्यात जुना फोन घेऊन दुपारी वावरात जा. मे महिन्यात तापलेला फोन प्रोसेसर आपणहून हळू करतो, जड जावास्क्रिप्ट तिथे उघडी पडते. भाव दिसायला 3 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पहिल्या 14 केबीत काय घुसलंय ते शोधा. बहुतेक वेळा वरची सजावट असते.