विमानातल्या रडारचं क्लटर: शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

जमिनीवरच्या रडारमध्ये डोंगराचा प्रतिध्वनी, म्हणजे नको असलेलं क्लटर, काढून टाकणं त्या मानानं सोपं. डोंगर हलत नाही, त्याचा डॉप्लर, म्हणजे गतीमुळे परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक, शून्य. विमानात हा आधारच सुटतो. सेकंदाला २०० मीटर वेगानं उडताना ३ सेंटिमीटर तरंगलांबीवर समोरची जमीन १३ किलोहर्ट्‌झहून जास्त डॉप्लर दाखवते, बाजूची शून्य, मागची उणे. रस्त्यावरून जाणारा ट्रक या पसाऱ्यात बुडून जातो.

मी शिकायला लागले तेव्हा आधी सूत्रांच्या मागे न लागता कोन आणि डॉप्लर यांचा आलेख काढला. तुम्हीही तेच करा. बाजूला पाहणाऱ्या ॲरेचं (अँटेनांच्या रांगेचं) क्लटर त्यात एका तिरक्या पट्टीत गोळा झालेलं दिसतं. ब्रेनन आणि रीड यांनी १९७३ मध्ये मांडलेली स्टॅप (स्पेस-टाइम ॲडॅप्टिव्ह प्रोसेसिंग) पद्धत कोन आणि डॉप्लर एकत्र पाहून नेमकी ही पट्टी कापते. मग वॉर्ड यांचा लिंकन लॅबोरेटरीचा १९९४ चा अहवाल सावकाश वाचा. लिनिअर अल्जिब्रा आणि रँडम प्रोसेस पक्के असतील तर तो कळतो. नसतील तर आधी ते करा.

खरी कसोटी ट्रेनिंग डेटाची, म्हणजे क्लटर कसं आहे हे ज्यांवरून ठरवायचं त्या नमुन्यांची. ॲरेचे १६ चॅनेल आणि १६ पल्स घेतले की क्लटरचं वर्णन करणारा मॅट्रिक्स २५६ चा होतो. नियम सांगतो, याच्या दुप्पट, म्हणजे ५१२ नमुने हवेत, तेही एकसारख्या क्लटरचे. रेंज बिन, म्हणजे एक नमुना देणारा अंतराचा टप्पा, १५० मीटरचा धरला तर हे अंतर जवळपास ७७ किलोमीटर भरतं. अरबी समुद्रावरून पूर्वेकडे पाहणाऱ्या रडारला तेवढ्यात समुद्र, खाडी, भातशेती आणि सह्याद्रीचे कडे, सगळंच भेटेल. ते एकसारखं कसं मानायचं? म्हणून आधी डॉप्लर फिल्टर लावून शेजारचे ३ कोन आणि ३ डॉप्लर बिन एवढ्यावरच काम करतात. मग मॅट्रिक्स ९ चाच उरतो आणि १८ नमुने, म्हणजे २.७ किलोमीटर पुरतात. माझ्या मते नव्या माणसानं नवा अल्गोरिदम शोधण्याआधी नमुने कुठून उचलायचे यावर महिनोन्‌महिने घालवावेत.

समुद्राचं गणित आणखी वेगळं. लाटा स्वतःच हलतात, आणि नजर पाण्याला जवळजवळ समांतर असली की मधूनच एखादी लाट लक्ष्यासारखी चमकते. क्लटर गाऊशियन (घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वितरणाचं) गृहीत धरून लावलेला थ्रेशोल्ड, म्हणजे लक्ष्य मानण्याची मर्यादा, अशा वेळी खोट्या लक्ष्यांचा पाऊस पाडतो. अशा अचानक चमकणाऱ्या क्लटरचं वर्णन करणारं के-डिस्ट्रिब्यूशन इथे शिकावंच लागतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या आयपिक्स रडारचा १९९३ चा डेटा सरावाला उत्तम आहे. रडार किनाऱ्यावरचं होतं, त्यामुळे विमानाची गती त्यात नाही. लाटांचा स्वभाव मात्र त्यात नीट उघडा पडतो.