साडेपाच तासांची चूक : पल्सारचा जोडीदार पाहताना

मिलिसेकंद पल्सारच्या, म्हणजे सेकंदाला शेकडो गिरक्या घेणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या, सहचर ताऱ्याचे निरीक्षण शिकायचे असेल, तर पहिले लक्ष्य म्हणून मी जे१०२३+००३८ ही जोडीच सुचवीन. यातला पल्सार १.६९ मिलिसेकंदांत स्वतःभोवती फिरतो आणि सूर्याच्या सुमारे एकपंचमांश वस्तुमानाचा त्याचा जोडीदार ४ तास ४५ मिनिटांत कक्षा पूर्ण करतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधल्या एकाच रात्रीत अख्खी फेरी पदरात पडते. हा जोडीदार साधारण सतराव्या प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), म्हणजे जुन्नरजवळच्या गिरवलीसारख्या २ मीटरच्या दुर्बिणीच्या आवाक्यातला. हे भाग्य सगळ्यांचे नसते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने शोधलेल्या जे१५४४+४९३७ या पल्सारचा सहचर दिसायला हवाईमधली केक ही कितीतरी मोठी दुर्बीण लागली.

सहचराची पल्सारकडची बाजू तापून उजळते, ती आपल्याकडे वळली की तारा तेजस्वी दिसतो आणि पाठ फिरली की मंद. जून २०१३ पासून पल्सारभोवती वायूची तबकडीही आहे, तिच्या लुकलुकण्यामुळे दीप्तिवक्र (वेळेनुसार तेज कसे बदलते त्याचा आलेख) खडबडीत येतो, म्हणून मिनिटभराचे एक्स्पोजर घ्यावे आणि त्याच चौकटीतले दोन-तीन स्थिर तारे तुलनेसाठी धरावेत.

माझ्या पहिल्या दीप्तिवक्रात सर्वांत मंद बिंदू कक्षेच्या (पूर्ण फेरी म्हणजे १) ०.२५ ऐवजी ०.४१ भागावर आला. रेडिओवाले फेरीचा शून्य बिंदू एका ठिकाणी धरतात आणि प्रकाशीय निरीक्षक अनेकदा पाव फेरी पुढे, म्हणून पहिला संशय तिथे गेला, पण फरक पाव फेरीचा नव्हता. तापलेला भाग पल्सारच्या नेमका समोर नसून बाजूला सरकलेला असणे काही जोड्यांत खरोखर आढळले आहे, त्यामुळे आपल्यालाही तेच सापडले, अशा आनंदात मी दोन दिवस काढले. प्रत्यक्षात माझ्या प्रोग्रॅमने भारतीय प्रमाणवेळच जागतिक वेळ म्हणून वाचली होती. साडेपाच तासांतून एक पूर्ण फेरी वजा होऊन ४५ मिनिटे उरली होती आणि ती बरोबर ०.१६ फेरी भरतात. कक्षा दहा-बारा तासांची असती, तर एवढा ढळढळीत घोळ लगेच लक्षात आला असता.

वेळ सुधारल्यावरही ती सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर आणावी लागते, म्हणजे तोच प्रकाश तिथे कधी पोहोचला असता ते काढावे लागते, कारण फेब्रुवारीच्या अखेरीस या ताऱ्याचा प्रकाश पृथ्वीवर सुमारे आठ मिनिटे आधी पोहोचतो आणि मे महिन्याच्या अखेरीस तो फरक जवळजवळ उरत नाही. तेव्हापासून प्रत्येक रात्रीच्या पहिल्या चौकटीची कक्षेतली जागा मी आधी वहीत हाताने काढतो आणि मगच प्रोग्रॅम चालवतो.