पोराची मॅच असली की मायबापानं लाइनीबाहेर कसं वागावं

ऑगस्ट-सप्टेंबर लागला की आमच्या इकडे शालेय स्पर्धा सुरू होतात, पहिले तालुका, मंग जिल्हा, मंग विभाग, अन नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी तोंडावर येते. तरी मायबाप दिवसाचं काम पाडून, पोराले गाडीवर बसवून तालुक्याच्या मैदानावर येतात. जीव लावतात म्हणूनच येतात. पण चुन्याच्या लाइनीबाहेर उभं राहून आपण जे करतो त्यानं पोराचा खेळ सुधरते का बिघडते, हे कोणी पाहत नाही.

मी पण पाहिलं नव्हतं. माही पोरगी १४ वर्षांखालच्या कबड्डीत खेळत होती, रेडवर, म्हणजे समोरच्या टीमवर चढाईले गेली होती, समोर ५ पोरी उरल्या होत्या अन मी बाहेरून जीव तोडून ओरडून राहिलो होतो, "बोनस घे, बोनस घे!" तिनं एक क्षण माह्याकडं पाहिलं अन तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोरीनं तिचा घोटा धरला. नंतर सरांनी सांगितलं, बोनस, म्हणजे समोरची बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, समोर ६ किंवा ७ जणी असल्या तरच मिळते. पोरीले हे माहीत होतं, मले नव्हतं. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून जे शिकलो ते इथं सांगतो.

आदल्या रात्री

अर्धा तास काढा अन पोरालेच नियम विचारा. अंगणात काडीनं मैदान आखायले लावा. एक रेड ३० सेकंदांची असते, समोरची पूर्ण टीम बाद झाली की लोणाचे २ गुण वरून मिळतात, हे पोरगं लय आनंदानं समजावते, अन आपण त्याच्याकडून शिकून राहिलो याचाच त्याले हुरूप येते. खो-खो असंल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पाठलाग करणारा एकदा एका दिशेनं निघाला की खांब ओलांडल्याशिवाय किंवा खो दिल्याशिवाय त्याले उलटं फिरता येत नाही. बाहेरून "मागं फिर, मागं फिर" ओरडणारे बाप आपल्याच पोराचा फाउल करवतात.

मंग एक प्रश्न विचारा, "उद्या मी बाहेरून काय म्हणू? का काहीच म्हणू नको?" माही पोरगी म्हणाली, "बाबा, फक्त टाळ्या वाजवा, माहं नाव घेऊन ओरडू नका." थोडं लागलं मनाले, पण तेच करतो आता.

सकाळी पोटभर तेलकट खाऊ घालू नका, मॅचच्या दोन-तीन तास आधी पोळी-भाजी, मंग एखादं केळं, अन पाण्याची मोठी बाटली.

मैदानावर पोचल्यावर

पोरगं सरांच्या ताब्यात द्या अन बाजूले व्हा. टीम बसते त्याच्या मागं उभं राहू नका, तिथं उभं राहिलं की तोंडातून काही ना काही निघतेच अन पोरगं सरांचं ऐकू का बापाचं या पेचात पडते. लाइनीपासून चार-पाच पावलं मागं, झाडाखाली, जिथून आपल्याले दिसते पण पोराले दर रेडनंतर आपलं तोंड दिसत नाही, अशी जागा धरा. व्हिडिओ काढायचा असंल तर तिथूनच काढा, अन दुसऱ्याच्या पोरींचे फोटो विचारल्याशिवाय स्टेटसले लावू नका.

मॅच चालू असताना

रेड चालू असताना गप्प. एवढं एक जमलं तरी अर्धं काम झालं. रेडरले श्वास धरून "कबड्डी कबड्डी" म्हणायचं असते, सात जणींच्या हातापायावर नजर ठेवायची असते, मध्य रेषेचं भान ठेवायचं असते, त्यात आपल्या मायबापाचा आवाज गर्दीतूनही ओळखू येते आणि डोकं तिकडं वळते. कबड्डीत तर नियमच असा हाय की रेडर समोरच्या कोर्टात असताना त्याच्याच टीमच्या कोणी सूचना दिली तर समोरच्या टीमले गुण देता येते. आपण टीममध्ये नाही, पण नियम काहून केला ते तरी समजून घ्या.

रेड संपली की बोला, अन जे झालं त्याचं बोला. "शाब्बास, साखळी सोडली नाही", "जाऊ दे, पुढची पाहू", "उठ बाळा". "तुले किती वेळा सांगितलं" हे वाक्य घरीच ठेवून या. पकड सुटलेल्या पोरालेही टाळी द्या, त्याचा बाप तिकडं वावरात असंल, त्याच्यासाठी टाळी वाजवणारं कोणी नसते. समोरच्या गावच्या पोरानं भारी रेड मारली तर त्यालेही द्या.

पोरगं पडलं तर पळत आत घुसू नका, सर अन पंच बोलावतील तेव्हाच जा. पण डोक्याले मार लागून चक्कर, उलटी असं काही असंल तर त्या दिवशी परत खेळू देऊ नका अन लगेच डॉक्टरकडं न्या, इथं भिडेखातर गप्प बसायचं नाही.

पंचांचा निर्णय

पंच बहुतेक दुसऱ्या शाळेचे पीटीचे सर असतात, सकाळपासून उन्हात उभे असतात. चुकतात, मान्य. पण तक्रार करायचा हक्क कॅप्टनचा अन कोचचा हाय. बाहेरून "सेटिंग हाय, सेटिंग हाय" केलं की पोरगंही हुज्जत घालते, अन कार्ड त्याले मिळते. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं दाखवलं की २ मिनिटं बाहेर, लाल दाखवलं की मॅच संपली त्याच्यासाठी. बाजूच्या बापाचं डोकं तापलं असंल तर त्याले भाषण देऊ नका, "चला भाऊ, चहा घेऊ" म्हणून हात धरून टपरीवर न्या, लय वेळा कामी येते हे.

पोरींच्या मॅचले

इथं मात्र मी गप्प बसा म्हणणार नाही. मैदानाच्या कडेनं टवाळ पोट्टे उभे राहतात, हाफ पँटवरून काहीबाही बोलतात, अन गावातले मोठे माणसंही "पोरीले कायले असं खेळवता" म्हणतात. अशा वेळी बापानं तिथं जाऊन शांतपणे सांगावं, "माही पोरगी खेळून राहिली, पाहायचं तर नीट पाहा, नाही तर निघा." ऐकत नसतील तर आयोजकांना सांगा. अन पोरीच्या मायले घरी ठेवून येऊ नका. माय कापूस वेचायचं सोडून मॅचले आली, हे पोरगी जन्मभर ध्यानात ठेवते.

मार्कांचं अन नोकरीचं ओझं

दहावी-बारावीले खेळाचे ग्रेस मार्क मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंले ५ टक्के आरक्षण हाय, हे आपल्याले माहीत, अन चांगलंच हाय ते. पण १२-१३ वर्षांच्या लेकराले मॅचच्या सकाळी हे आठवून देऊ नका. नागपूरजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा उमेश यादव विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस बॉलनंच खेळत होता, २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला अन २०११ मध्ये भारताकडून कसोटी. तालुक्याच्या पहिल्या राउंडले हरलं म्हणून काहीच संपत नाही.

परतीच्या रस्त्यानं

हरल्यावर गाडीवर मागं बसलेलं पोरगं पळून जाऊ शकत नाही, अन आपण नेमकं तेव्हाच सुरू होतो. नका करू. "भूक लागली का" एवढं विचारा, फाट्यावर गाडी थांबवा, समोसा खाऊ घाला. मॅचचं त्यानं काढलं तरच बोला, अन बोलला तर ऐका, मध्ये उपाय सांगू नका. सरांशी काही बोलायचं असंल, पोराले खेळवलंच नाही वगैरे, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा, एकटे जा, अन पहिले विचारा की घरी सराव काय करून घेऊ.