जागलीला निघालात? डासांच्या बाबतीत या चुका टाळा

धान निसवलं की आमच्याकडे रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरतात, आणि मग मचाणावरची रात्रभराची जागल काही चुकत नाही. तीसेक वर्षं झाली मला जागल करायला. डुकरांनी कधी छळलं नाही इतकं डासांनी छळलं, आणि डासांहून जास्त छळलं सोबत येणाऱ्यांनी. दरवर्षी माणूस नवा, चुका त्याच. तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

"माझं रक्तच गोड आहे"

या वाक्याची मला चीड आहे. एकदा म्हटलं की माणूस मोकळा. मग बाही खाली करायला नको की मोजे घालायला नको. अहो, डास काय रक्त चाखून माणूस निवडतो? त्याची निवड सोंड खुपसण्याच्या आधीच झालेली असते. चावते ती फक्त मादी, कारण तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची चाहूल तिला पन्नासेक मीटरवरूनही लागते. जवळ आली की अंगाचा वास, अगदी जवळ आली की ऊब आणि ओलावा. बांधावरून धावत येऊन घामेजल्या अंगाने मचाणावर धापा टाकत बसणं म्हणजे पंगतीचं आवतन देणं झालं.

काहींना जास्त चावतात हे मात्र खरं. २०२२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली वॉसहॉल यांच्या प्रयोगशाळेने याचा छडा लावला. ६४ जणांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवून त्यांचा वास गोळा केला आणि मोज्यांचे तुकडे डेंगूवाल्या एडिस डासांपुढे ठेवले. सगळ्यात नावडत्या माणसापेक्षा सगळ्यात आवडत्या माणसाची ओढ शंभर पट निघाली! त्याचं रक्त कोणी पाहिलंही नव्हतं. फरक होता कातडीवरच्या तेलकट थरातल्या कार्बोक्झिलिक आम्लांचा. हा वास वर्षानुवर्षं तसाच राहतो, म्हणजे तुम्ही डासांचे लाडके असाल तर लाडकेच राहणार. रक्तगटाचंही तेच. जपानमधल्या २००४ च्या एका प्रयोगात 'ओ' गटाच्या माणसांवर डास जास्त बसले, ठीक आहे. पण गट काय बदलून आणणार आहात? अंग झाका.

पाय उघडे ठेवणं

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक ही. गोष्ट माझ्या भाच्याची. पुण्यात नोकरी करतो, दिवाळीच्या आधी आला आणि म्हणाला, "मामा, मीपण येतो जागलीला." अंगात काळा चिकट टीशर्ट, खाली हाफपँट, पायात चप्पल. मी म्हटलं, "बाबू, मोजे घाल, माहा जुना शर्ट घाल." तर मोबाइल काढून दाखवतो, "मामा, यात ॲप आहे. आवाजाने डास पळतात, आपल्याला ऐकूपण येत नाही."

त्याला तर नाहीच, डासांनाही तो आवाज ऐकू आला नसावा. असल्या आवाजाने डास पळत नाहीत, हे तपासून झालेलं आहे. नऊ वाजता पायावर पहिली थाप. साडेनऊला त्याने हातांना डास पळवायचं मलम लावलं, गालांना लावलं, कपाळाला तर गंध लावावं तसं लावलं, आणि पाय तसेच. वरून टीशर्ट इतका अंगाला घट्ट की पाठीवर कापडातूनच चावत होते. अकराच्या सुमारास बोडीच्या, म्हणजे आमच्या तळ्याच्या, बाजूने डुकरांची गुरगुर ऐकू आली. मी टॉर्च मारणार, तोच याने पोटरीवर असा फटका हाणला की कळप उधळला तो थेट शेजाऱ्याच्या बांधीत. सकाळी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पुऱ्या फुगाव्यात तशा गांधी. शेजारी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, ते वेगळंच.

पायच का? बसलेल्या माणसाच्या पायांकडे बरेच डास खालूनच येतात, आणि पायाचा वास हे काही डासांचं खास आवडीचं प्रकरण आहे. नेदरलँड्सच्या बार्ट नॉल्स यांनी दाखवलं की आफ्रिकेतला मलेरियाचा डास माणसाच्या पायाच्या वासाकडे जातो तसाच लिम्बर्गर नावाच्या उग्र चीजकडेही जातो. बोटांच्या बेचक्यांतले जिवाणू आणि त्या चीजवरचे जिवाणू जवळचे नातेवाईक. या शोधाला २००६ साली गमतीचा इग नोबेल मिळाला. मी यातून एवढंच घेतलं: निघायच्या आधी पाय साबणाने घासून धुवायचे, जाडे मोजे, पँटचं टोक मोज्याच्या आत. दिसायला बावळट दिसतं. दिसू द्या, डुकरं फोटो काढत नाहीत.

कपडा ढिला आणि पूर्ण बाह्यांचा. आमच्याकडे रोवणीला येणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात, त्यांच्याकडून शिका. दिवसाच्या कामाला रंगही फिका बरा. श्वासाचा वास लागल्यावर एडिस डास लाल, नारिंगी आणि काळ्या रंगाकडे वळतात, पांढऱ्या-हिरव्याकडे फिरकत नाहीत.

मलम कंजूषपणे लावणं

मलम मंत्र नाही. कपाळाला लावलं म्हणून घोटा वाचत नाही. चार बोटं जागा सुटली तर डास नेमका तिथेच बसतो. मलमात असणारं डीट हे औषध अमेरिकी लष्करासाठी १९४६ साली बनलं आणि आजही भरवशाचं आहे. डब्यावरचा डीटचा टक्का वाढला की औषध जास्त वेळ टिकतं, जास्त 'कडक' होत नाही. घामाने उतरतं, म्हणून मध्यरात्री एकदा पुन्हा लावायचं. कपड्याखाली नको, जखमेवर नको, लहान पोरांच्या हातांना नको, कारण हात तोंडात जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर अजिबातच नको. त्याला मच्छरदाणी.

तरुणपणी मी मलमाचे पैसे वाचवायला पायांना घासलेट चोळलं होतं. डास आलेच, वर पायाची सालटं निघाली. तेव्हापासून कोणी "आमचा घरगुती उपाय" म्हटलं की मी त्याचे पाय पाहतो. लसूण खाण्याचंही तसंच. डास जात नाहीत, सोबतचा माणूस जातो.

धुरावर विसंबणं

गोवरीवर कडुनिंबाचा पाला टाकून धुपन करतो मीही. वारा फिरेपर्यंत ठीक. नंतर धूर शेजारच्या बांधीत, डास तुमच्याजवळ. धुरातच डोकं घालून झोपणारे सकाळी खोकत उठतात. अंगणात वीज असली तर टेबलपंखा लावा, तोंडावर नाही, पायांकडे. डास उडायला फार दुबळा, माणसाच्या चालीलाही मागे पडतो. पंख्याच्या वाऱ्यात त्याला नीट बसता येत नाही.

वेळ न ओळखणं

"डास रात्रीच चावतात" म्हणणाऱ्याला डेंगू होतो. एडिस सकाळी आणि दिवस कलताना चावतो, मलेरियाचा ॲनोफिलिस रात्री, हत्तीपाय पसरवणारा क्युलेक्सही रात्रीच. मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्यांनी अंधारातल्या आणि उजाडल्यानंतरच्या, दोन्ही डासांचा हिशेब धरावा.

उरलेल्या, एकेका ओळीत

मच्छरदाणीला अंग टेकवून झोपू नका, जाळीतून चावतात. तिची टोकं अंथरुणाखाली खोचा. औषध लावलेली दाणी बोडीत मासे धरायला नेऊ नका. त्यातलं औषध माशांना विष असतं आणि चिखलात दाणीही फाटते. कूलरचं पाणी नुसतं ओतू नका, टाकीच्या कडा घासा. एडिसची अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. आणि पिऊन मचाणावर चढू नका. बिअर प्यालेल्या माणसाकडे डास जास्त येतात हे प्रयोगात दिसलं आहे. तो खाली पडतो ते मी स्वतः पाहिलं आहे.

ताप आल्यावर सलाईन लावून घेणं

जागलीनंतर थंडी वाजून ताप आला तर आधी आशाताईकडे जाऊन रक्त तपासा. मोटारसायकलवर येऊन 'ताकदीची बाटली' लावणारा रक्त तपासत नाही, पैसे मोजतो. डेंगूची शंका असेल तर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही विचारून.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, यंदा मोजे किती जोड आणू?" म्हटलं, दोन आण. एक पहिल्याच रात्री दवात भिजतो.