मधातले काजू: दिवाळीच्या स्टॉलआधीची तयारी

वसुबारसेला स्टॉल लावायचा असेल तर घटस्थापनेच्या आधी कामाला लागा. मधातले काजू आज भरून उद्या विकता येत नाहीत. भरलेली बरणी दोन-तीन आठवडे डोळ्यांसमोर राहायला हवी, कारण काही बिघडलं असेल तर ते त्याच दिवसांत कळतं. पहिल्या वर्षी मी श्रावणात, धो धो पावसात चाळीस बरण्या भरल्या आणि कपाटात ठेवून मोकळी झाले. गौरी-गणपतीत कपाट उघडलं तर ताडीसारखा आंबूस वास. झाकणं फुगलेली, आणि एक उघडल्यावर मध फेसाळत वर आला. मधाला दोष द्यायची सोय नव्हती. काजू दमट होते आणि बरण्यांच्या तळाशी धुतल्यावर राहिलेलं पाणी होतं.

तेव्हा सगळ्यात आधी पाण्याचा बंदोबस्त. मध टिकतो तो त्यात पाणी कमी असतं म्हणून. अन्नसुरक्षा नियमांत मधातल्या पाण्याची मर्यादा २० टक्के आहे आणि त्याच्या वर गेलं की मधातलंच यीस्ट जागं होतं. आमच्याकडे वाईला मध येतो महाबळेश्वरच्या बाजूचा. तिथलंच मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. हा मध सातेरी या देशी मधमाश्यांचा. चवीला उत्तम, पण मुळात पातळ, २० टक्क्यांच्या आसपास घुटमळणारा. म्हणून मधाचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मधातलं पाणी मोजायचं छोटं उपकरण, विकत घ्याच. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण दाबून उजेडाकडे धरायचं, निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथे येते तो आकडा वाचायचा. १९ किंवा त्याखाली असेल तरच तो डबा काजूंसाठी. २१ आला तर मध खोटा आहे असं नाही, तो घरी चपातीशी खा, बरणीत भरू नका. डब्यावर फुलोऱ्याचं नाव आणि काढणीचा महिना लिहून ठेवा. जांभळाचा मध गडद, किंचित तुरट असतो आणि काजूच्या गोडीला तो फार शोभतो, असं माझं मत. मोहरीचा मध लवकर रवाळ होतो, बरणीत काजू दिसेनासे होतात, म्हणून तो मी घेत नाही.

काजू वेंगुर्ल्याकडचा मिळाला तर बघायलाच नको. ग्रेड ३२० (एका पौंडात साधारण तितके काजू) पुरतो. २४० मोठा आणि देखणा, पण बरणीत मधाच्या जाडीमुळे काजू फुगीरच दिसतो, जास्त पैसे कशाला? पाकळी घेतली तर आणखी स्वस्त पडते आणि दाटीवाटीने बसते, मात्र भेट द्यायला घेणारं गिऱ्हाईक अख्खा काजूच मागतं. बदामही चालतात. अक्रोड मी सोडून दिला. तो इतर सुक्यामेव्यापेक्षा लवकर खवट होतो आणि सालीचा कडूपणा मधात उतरतो.

भाजणं हे खरं काम. ओव्हनमध्ये १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा हलवून. कढईत करणार असाल तर आच मंद आणि हात सतत फिरता. रंग फक्त बदामी व्हायला हवा. एक काजू गार करून कानाशी मोडा, ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. नुसता वाकून तुटला तर अजून दोन मिनिटं. मग ताटात पसरून पूर्ण गार करा. कोमट काजू भरले तर झाकणाखाली वाफ धरते आणि पुन्हा तेच पाणी. उलट, गार झालेले रात्रभर उघडे टाकू नका, हवेतला दमटपणा ओढतात. भाजले त्याच दिवशी भरायचे.

बरण्या काचेच्या, रुंद तोंडाच्या. धुवून, उकळत्या पाण्यातून काढून, ओव्हनमध्ये पालथ्या सुकवा. झाकणाच्या आतल्या रबरी कडेत पाणी लपतं, तिथे कोरडा कपडा फिरवा. बरणी मिलीलिटरवर विकतात आणि माल ग्रॅमवर, इथे बरेच जण फसतात. मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, म्हणून २५० मिलीच्या बरणीत काजू-मध मिळून साधारण ३०० ग्रॅम बसतात. मागवण्याआधी एकच बरणी भरून वजन करा.

भरताना आधी दोन चमचे मध, मग काजूंचा थर, मग पुन्हा मध. मध घट्ट असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, हाताला सोसेल इतपतच. आचेवर नको. काजू मधापेक्षा हलके, त्यामुळे तासाभरात सगळे वर येऊन टोप्या काढून बसतात आणि खाली नुसता मध उरतो. यावर उपाय एकच, काजू दाबून भरणे. काडीने बुडबुडे काढा, बरणी रात्रभर पालथी ठेवा, सकाळी सरळ करून कमी झालेला मध वरून घाला. एकही काजू उघडा राहता कामा नये.

लेबलवर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच, तारखा, हिरवा ठिपका, अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आणि ‘यात काजू आहेत’ ही सूचना. नोंदणी महिनाभर आधीच करून घ्या. मी त्यावर ‘एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये’ असंही छापते, कारण त्या वयात मधातून बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. ‘मधुमेहींना चालतो’ वगैरे काही लिहू नका, कितीही मावश्यांनी आग्रह केला तरी. प्रत्येक बॅचची एक बरणी घरी, तारखेसह.

स्टॉलवर कोणीतरी ग्लासभर पाण्यात मध टाकून दाखवायला सांगणारच. दाखवा, पण ती परीक्षा नाही हेही हसून सांगा, कारण घट्ट साखरेचा पाकसुद्धा तसाच तळाशी जातो. प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर तो पुढे करा. परदेशी मुलांना न्यायला घेणाऱ्यांना आधीच विचारा, मुलं कुठे आहेत? न्यूझीलंडमध्ये मध नेऊ देत नाहीत आणि विमानाच्या हातातल्या बॅगेत ही बरणी चालत नाही.

चवीला लाकडी चमचे, सुट्टे पैसे, दोन ओले नॅपकिन. आणि टेबलाच्या चारही पायांखाली पाणी घातलेल्या वाट्या. पहिल्या दिवशी त्या विसरले तर दुपारी तीनच्या आत मुंग्यांची रांग थेट गल्ल्यापर्यंत पोचली होती.