कंट्रोलचं धान्य पुरतं पदरात कसं पाडून घ्यावं: इंदूरकरांसाठी

राशनच्या दुकानातलं मशीन तुमचा अंगठा ओळखतं, पण पिशवीत किती गहू पडला हे त्याला कळत नाही. आजच्या चोरीचं बरंचसं गणित या एका गोष्टीत आहे. पूर्वी बोगस कार्डं असत, मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जाई, ट्रकचे ट्रक परस्पर बाजारात रिकामे होत. शांता कुमार समितीने २०१५ साली दिलेल्या अहवालात २०११-१२ची गळती ४६.७ टक्के धरली होती. आधार जोडणी आणि अंगठा घेणारं पॉस मशीन आल्यावर खोटी नावं पुष्कळ छाटली गेली. पण खऱ्या माणसाच्या खऱ्या अंगठ्यावर दोन किलो कमी तोलले, तर मशीनच्या लेखी व्यवहार चोख असतो. समजा, एका दुकानावर ५०० पर्च्या (कुटुंबाचा धान्याचा हक्क दाखवणारे कागद) आहेत आणि प्रत्येकीमागे दोन किलो मारले. महिन्याला १० क्विंटल धान्य गायब होतं आणि एकाही कागदावर खाडाखोड नसते.

तेव्हा पहारा हवा तो तोलकाट्यापाशी, आणि तो काट्यासमोर उभ्या असलेल्या माणसालाच देता येतो. पर्ची तुमच्या घरात नसली तरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंकडे असेल, बिल्डिंगच्या चौकीदाराकडे असेल. त्यांना हे वाचून दाखवा, किंवा निदान त्यांची पावती तरी वाचून द्या.

आधी हक्क किती, ते पर्चीवरून काढा

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३चा. त्यात दोन प्रकारची कुटुंबं आहेत. अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, मग घरात माणसं दोन असोत की सात. बाकीच्या पात्र कुटुंबांना माणशी ५ किलो, म्हणजे पाच जणांच्या घराला २५ किलो. १ जानेवारी २०२३पासून हे धान्य फुकट आहे आणि १ जानेवारी २०२४पासून ही सवलत आणखी पाच वर्षांसाठी वाढवली आहे. साखर किंवा मीठ मिळालं तर त्याचे पैसे द्यावे लागू शकतात, गहू-तांदळाचे नाहीत. ‘हम्माली’, ‘गाडीभाडं’, ‘मशीनचा खर्च’ असल्या नावांनी कोणी दहा-वीस रुपये मागितले तर ते वरचे पैसे आहेत, देऊ नका.

आपल्याकडे मध्य प्रदेशात सगळा हिशेब पात्रता पर्चीवर चालतो आणि ती ‘समग्र’ या राज्याच्या कुटुंब नोंदणीतल्या आठ आकडी परिवार आयडीशी जोडलेली असते. जळगाव-पुण्याच्या नातेवाइकांकडचा पिवळ्या-केशरी कार्डाचा हिशेब इथे लावू नका. पर्चीवर तीन गोष्टी पाहा: घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, दुकानाचा क्रमांक कोणता, आणि मोबाइल नंबर कुणाचा आहे. हा नंबर फार महत्त्वाचा. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या कियोस्कवाल्याने घाईत स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, मग धान्य उचलल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. गहू किती, तांदूळ किती हे प्रमाण सरकार अधूनमधून बदलतं, म्हणून मागच्या वर्षीचा आकडा धरून भांडू नका.

पर्चीच नाही, असं म्हणणाऱ्यांनी पात्रतेची यादी एकदा वाचून काढावी. घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले, हम्माल, बांधकाम मजूर यांच्यासोबत बंद पडलेल्या गिरण्यांचे कामगार हाही त्या यादीतला एक वर्ग आहे. परदेशीपुरा-नंदानगर भागातल्या जुन्या गिरणी कामगारांच्या घरांत हे माहीत नसलेली माणसं अजून भेटतात.

दुकानात उभं असताना

खरी कसोटी इथे लागते, म्हणून जरा सविस्तर.

पोचल्यावर पहिल्यांदा फलक पाहा. २०१५च्या केंद्रीय नियंत्रण आदेशानुसार दुकानदाराने साठा, हक्काचं प्रमाण, दर, दुकानाची वेळ आणि तक्रार कुठे करायची हे दिसेल असं लिहून ठेवायला हवं. पाटी कोरी असेल किंवा तिच्यावर दिवाळीची तारीख असेल तर फोटो काढून ठेवा. कार्ड किंवा पर्ची दुकानात ठेवून घेण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. ‘राहू द्या इथेच, पुढच्या महिन्यात सोपं पडेल’ हे ऐकायला गोड असलं तरी कागद परत मागा.

मग काटा. विजेच्या काट्याची दर वर्षी नापतौल (वजनमाप) विभागाकडून तपासणी व्हावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असायला हवं. ते नुसतं पाहिलंत तरी दुकानदार सावध होतो. काटा खरा की खोटा हे ओळखायला मी एकच युक्ती सांगतो: घरातून निघताना मिठाची एक किलोची बंद पुडी पिशवीत टाका आणि ‘भाऊ, जरा ठेवून पाहतो’ म्हणून काट्यावर ठेवा. वेष्टनासकट आकडा एक किलोच्या किंचित वर आला पाहिजे. शंभर ग्रॅम जास्त दाखवले तर तोच काटा दर किलोमागे तुमचे सुमारे नव्वद ग्रॅम खातोय. आट्याची पाच किलोची बंद थैली असेल तर परीक्षा आणखी चांगली होते.

काटा बरोबर असला तरी डबा उरतोच. धान्य पत्र्याच्या डब्यात किंवा टोपल्यात घालून तोलतात. रिकामा डबा ठेवून आकडा शून्यावर आणला का, हे पाहा. अख्खं पोतं देत असतील तर ५० किलोच्या ज्यूटच्या रिकाम्या पोत्याचंच वजन अर्ध्या किलोहून अधिक भरतं. ते वजा व्हायला हवं.

अंगठा आणि तोल यांच्यात अंतर पडू देऊ नका. ‘आज अंगठा लावून जा, माल परवा येतोय’ ही सगळ्यात महाग पडणारी वाट आहे, कारण नोंद झाली की सरकारच्या दृष्टीने तुम्ही धान्य नेलेलं असतं. माल नसेल तर अंगठाही नाही, असं हसून सांगा आणि निघा. काही दुकानांत काटा मशीनलाच जोडलेला असतो. तिथे वजन आपोआप नोंदलं जातं. केंद्राने २०२१मध्ये या जोडणीला उत्तेजन देणारी दुरुस्ती नियमांत केली. तुमच्या दुकानात जोडणी नसेल तर ती मागायला हरकत नाही.

अंगठा एकाहून जास्त वेळा घेतला तर लगेच चोरी समजू नका. कधीकधी काही महिन्यांचं धान्य एकदम वाटतात. २०२५च्या पावसाळ्याआधी जून ते ऑगस्टचं असंच एकत्र दिलं होतं. पाहायचं इतकंच, की जितक्या महिन्यांची नोंद तितक्या महिन्यांचं धान्य हातात आलं का. आणि पावती घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. ‘कागदाचा रोल संपला’ हे उत्तर सारखं मिळू लागलं की त्या दुकानात दुसरंही काहीतरी संपतंय असं समजा.

घरी आल्यावर

धान्य पुन्हा तोला. घरी काटा नसेल तर कोपऱ्यावरचा किराणावाला तोलून देतो. पावतीवरचा आकडा, हातात आलेला आकडा आणि तारीख वहीत लिहा. मध्य प्रदेशच्या ई-पॉस पोर्टलवर परिवार आयडी टाकून आपल्या नावावर काय उचललं गेलं ते पाहता येतं. दुकानाचा साठा आणि विक्रीची माहितीही तिथे असते. केंद्राचं ‘मेरा राशन’ हे अॅपही त्यासाठीच आहे.

ही वही एकट्याने ठेवण्यात फारसा अर्थ नाही. एका घराचा दोन किलोंचा फरक म्हणजे दुकानदाराचा शब्द आणि तुमचा शब्द. त्याच गल्लीतल्या पंधरा-वीस घरांनी एकाच महिन्यात तोललं आणि सगळीकडे सारखाच तुटवडा निघाला, तर चौकशीला येणाऱ्या अधिकाऱ्याला टाळता येत नाही. भिशीच्या किंवा भजनी मंडळाच्या बायका हे काम उत्तम करतात, असा माझा अनुभव आहे. पुरुष पहिल्याच दिवशी दुकानदाराशी भांडून मोकळे होतात आणि वही कोरी राहते.

दुकानदाराची बाजूही ऐका. ‘वरूनच कमी येतं’ हे नेहमीच बहाणा नसतं. गोदामापासून दुकानापर्यंत पोती फुटतात, सांडतात, उसवली जातात, आणि तोलून घेण्याऐवजी पोती मोजून माल उतरवला तर ती तूट विक्रेत्याच्या गळ्यात पडते. तो ती तुमच्या गळ्यात घालतो. २००० सालापर्यंत आपल्याच राज्याचा भाग असलेल्या छत्तीसगडने २००४नंतर दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांना दिली आणि माल थेट दुकानाच्या दारात पोचवायला सुरुवात केली. काही वर्षांतच तिथली गळती खूप घटल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं. म्हणून तक्रारीत ‘दुकानात माल तोलून उतरवला जातो का, तेही तपासा’ हे वाक्य जरूर घाला. चौकशी गोदामापर्यंत गेली तरच मुळाशी जाते.

तक्रार कशी करावी

‘दुकानदार चोर आहे’ असं लिहिलेला अर्ज कुणी वाचत नाही. परिवार आयडी, दुकानाचा क्रमांक, तारीख, पावतीवर २५ किलो, प्रत्यक्षात २३ किलो, सोबत पावतीचा आणि काट्याचा फोटो, इतकं पुरतं. अर्ज हिंदीत लिहा आणि एक पान पुरे.

सुरुवात १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनने करा. अन्नधान्यासाठी १९६७ हाही क्रमांक आहे. १८१वर तक्रार क्रमांक मिळतो आणि खालच्या अधिकाऱ्याने निकाल लावला नाही तर तक्रार एल-१ या सगळ्यात खालच्या पातळीपासून एल-४पर्यंत वर चढत जाते. यातली मेख अशी, की एल-१कडून फोन येतो: ‘काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दीजिए.’ धान्य घरात येईपर्यंत ‘समाधानी आहे’ हे शब्द तोंडातून काढू नका. अधिकारी गोड बोलतो, कधी चिडतोही, कारण उघडी तक्रार त्याच्या खात्यात मोजली जाते. तुमचं बळ तेवढंच आहे, ते फुकट घालवू नका.

तिथे अडलं तर मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याची बैठक, आहे, मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. पाच-सात जणी मिळून जा. त्यानंतरची पायरी अन्न सुरक्षा कायद्यातली: कलम १५खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्याच्या निर्णयावर अपील राज्य खाद्य आयोगाकडे. या अधिकाऱ्याने सांगितलेला दिलासा विनाकारण न देणाऱ्या सरकारी नोकराला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुरावा कमी पडत असेल तर माहितीच्या अधिकारात जिल्हा आपूर्ती (पुरवठा) नियंत्रक कार्यालयाला दहा रुपये भरून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. दुकानाची मासिक आवक, विक्री नोंदवही आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा. याच कायद्याने वस्तूचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. निकृष्ट धान्याच्या प्रकरणात हे कलम कामाला येतं, पण फार थोडे लोक ते वापरतात.

त्याच अर्जात दुकानाच्या दक्षता समितीवर कोण आहे, हेही विचारा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २९नुसार प्रत्येक दुकानाला अशी समिती हवी आणि तिच्यात बायका, अनुसूचित जाती-जमातींचे आणि निराधार किंवा अपंग लोकांचे प्रतिनिधी हवेत. ही नावं बहुधा कागदावरच असतात. कित्येकदा ज्याचं नाव असतं त्यालाच ते माहीत नसतं.

ज्यांचा अंगठाच उमटत नाही

धुणीभांडी करून झिजलेली बोटं, म्हातारपण, विटा उचलणारे हात यांना मशीन नाकारतं. नुसत्या अंगठ्यासाठी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवणं ही चोरीइतकीच वाईट गोष्ट आहे. नॉमिनी, म्हणजे आपल्या वतीने धान्य उचलणारा माणूस, नेमण्याची सोय दुकानात विचारा आणि नकार मिळाला तर तीच तक्रार १८१वर टाका. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली असेल तर लगेच करून घ्या, नाव गळण्याचं हल्ली तेच मोठं कारण आहे. खंडवा, बुऱ्हाणपूर किंवा महाराष्ट्रातून मजुरीला आलेल्यांनी ‘एक देश एक राशन कार्ड’खाली इथल्याच दुकानातून धान्य उचलावं, त्यासाठी नवं कार्ड काढायची गरज नाही.

आणि आपल्या घरातली गळती

माळव्यात गव्हाची पोळी चालते, भात एक वेळ. म्हणून राशनचा तांदूळ दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला विकला जातो आणि पुन्हा साखळीत शिरतो. दुसरी नासाडी ‘प्लास्टिकच्या तांदळाची’. तांदळात थोडे वेगळ्या रंगाचे दाणे दिसतात, पाण्यात तरंगतात, आणि घाबरून लोक ते वेचून फेकतात. ते पोषणमूल्य वाढवलेले दाणे असतात, साधारण शंभरात एक, लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले. ते फेकू नका. गव्हाला मात्र ऊन दाखवून, एरंडेल चोळून कोरड्या पिंपात भरा, नाहीतर पावसाळ्यात सगळं पोरकिडे नेतात.

तांदूळ खरोखरच नको असेल तर उचलूच नका. ‘अंगठा लावा, तांदळाचे पैसे घेऊन जा’ असं दुकानदार सांगेल, त्याला नाही म्हणा. पावतीवर तांदळापुढे शून्य छापलंय ना, ते पाहून घ्या, कारण नाहीतर तुम्ही न नेलेला तांदूळ तुमच्याच नावावर विकला जातो.