शिक्षा लागली, हातात 60 दिवस: एनडीपीएसच्या अपिलाची तयारी

ठाण्याच्या कोर्टात अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या खटल्यात शिक्षा लागली की घरचे आधी मोठा वकील शोधायला धावतात. त्याआधी कॅलेंडरवर निकालाच्या तारखेला गोल करा. तिथून मुंबई उच्च न्यायालयात अपील करायला 60 दिवस असतात. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली या दोन्ही तारखा प्रतीवर आहेत ना, ते खिडकीपाशीच बघून घ्या. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो. मग आजारपणाचे, प्रवासाचे, जे काही खरं कारण असेल त्याचे कागद जपून ठेवा.

निकालपत्राची एक प्रत आरोपीला फुकट मिळते. ती त्याला मिळाली का, हे तुरुंगातल्या पहिल्याच मुलाखतीत विचारा. पण निकालपत्र पुरेसं नाही. अपिलात नवे साक्षीदार सहसा येत नाहीत, खटल्यात जे नोंदलं गेलं त्यावरच सगळी लढत. म्हणून दोषारोपपत्र, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपासणी, निशाणी पडलेला प्रत्येक कागद आधीच्या वकिलांकडून मागून घ्या. फीवरून कुरबूर झाली असली तरी शांतपणे मागा.

कागद आले की एक दिवस काढून ते तारखेप्रमाणे लावा. मी हे काम बरीच वर्षं करतो आहे आणि माझा अनुभव असा की अपिलाचा जीव इथेच असतो. पोलिसांना खबर आली ती त्यांनी लिहून घेतली का आणि 72 तासांत वरिष्ठांना कळवली का? अंगझडतीआधी, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोरच झडती व्हावी असं मागण्याचा तुझा हक्क आहे, हे आरोपीला सांगितलं होतं का? माल फक्त पिशवीत सापडला असेल तर हा मुद्दा चालत नाही, उगाच त्यावर आशा लावू नका. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले का? तेवढ्या एका त्रुटीवर सुटका होईलच असं नाही, पण बाकी पुरावाही डळमळीत असेल तर ती जड पडते. तपास अधिकाऱ्यासमोर दिलेल्या कबुलीवर शिक्षा उभी असेल तर वकिलांना ते ठळकपणे दाखवा. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कबुली पुरावा म्हणून नाकारली आहे.

मग मुद्देमालाचा प्रवास बघा. कळव्याच्या एका आईबरोबर मी तिच्या घरात फरशीवर कागद पसरून बसलो होतो. सातवी शिकलेली बाई. पंचनाम्यातलं पाकिटाचं वजन आणि प्रयोगशाळेच्या अहवालातलं वजन, दोन्हींवर बोट ठेवून ती म्हणाली, "दादा, हे दोन आकडे एक का नाहीत?" वकिलांच्या नजरेतून तो फरक निसटला होता. तसंच लाखेच्या सीलचं वर्णन, पाकिटावरच्या सह्या, मधल्या काळात माल कुणाच्या ताब्यात होता, हेही ओळीने जुळवा.

वजनावर शिक्षा ठरते. एमडी (मेफेड्रोन) 50 ग्रॅमच्या वर आणि गांजा 20 किलोच्या वर असेल तर व्यावसायिक प्रमाण. किमान 10 वर्षं आणि किमान 1 लाख दंड. अल्प आणि व्यावसायिक यांच्या मधल्या प्रमाणाला 10 वर्षांपर्यंत शिक्षा, पण किमान मर्यादा नाही. मिसळलेली भेसळसुद्धा वजनात धरतात. गांजाच्या प्रकरणात मात्र पंचनामा नीट वाचा: शेंडे, फुलोरा होता की नुसती पानं-बिया? शेंड्यांशिवायची पानं-बिया कायद्याने गांजा ठरत नाहीत.

अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा म्हणून वेगळा अर्ज लागतो. एनडीपीएसमध्ये शिक्षा स्थगित होतच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका; 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाचा तो अधिकार कायम ठेवला. पण व्यावसायिक प्रमाणात कलम 37 ची अट खरोखर कठीण आहे, तो दोषी नसावा असं न्यायालयाला सकृद्दर्शनी वाटावं लागतं. तुरुंगातले दिवस आणि वागणूक यांचा दाखला, आजाराचे कागद, राहत्या घराचे पुरावे आत्ताच जमवा. खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा झालेत का, तेही शिक्षेच्या वॉरंटवर तपासा.

पैसे नसतील तर घर गहाण ठेवू नका. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न किती हे विचारत नाहीत. ठाणे किंवा तळोजा तुरुंगातून अधीक्षकांमार्फत अपीलही पाठवता येतं. कोर्टाबाहेर "आतून काम करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात एक रुपयाही ठेवू नका.

अपील दाखल झालं की त्याचा नंबर त्याच दिवशी विचारून घ्या आणि पुढच्या मुलाखतीत त्याला सांगा. काचेपलीकडे तो त्या आकड्याची वाट बघत असतो.